बाई आता मोकळ्या झाल्या

आजच्या सभेचे आणि आपल्या संस्थेचे अध्यक्ष माननीय काळूरामशेठ, प्रमुख पाहुणे, आपल्या प्रभागाचे नगरसेवक माननीय चिंतामणीसाहेब, मुख्याध्यापिका नेत्राताई, सहकारी शिक्षक, पालकहो आणि पुढच्या रांगा भरून बसलेले साहेबांचे कार्यकर्ते,

चिंतामणीसाहेब माझे यजमान आहेत, हे भिवंडीत कुणाला सांगायला नको. बाहेरच्या बॅनरवर मोठा फोटो त्यांचा आहे आणि खाली कोपऱ्यात जिला निवृत्तीचा निरोप द्यायचा ती मी. समारंभ साहेबांचाच आहे असं नव्या पालकांना वाटलं असेल, तर त्यांचं काय चुकलं? माझ्याआधीचे वक्तेही साहेबांच्या रस्त्यांवर आणि गटारांवरच बोलले. मी गणित शिकवायचे हे एकाला आठवलं, त्यांचे मनापासून आभार.

साहेब निवडून आले आणि मी सुचेताबाईची 'साहेबांची मिसेस' झाले. पालकसभेला लोक नळाचे अर्ज घेऊन यायचे. पोराचे मार्क विचारायचे ते निघताना, चपला घालता घालता.

मग मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. ज्येष्ठता माझी होती. साहेब घरी म्हणाले, "तू नको घेऊस. बायकोला खुर्ची दिली म्हणून विरोधक बोंब मारतील. तू आपली मुलांना शिकव." मी नकार लिहून दिला. नेत्राताई, तुम्ही शाळा उत्तम चालवलीत, तुमच्यावर राग नाही. माझा राग घरचा आहे आणि तो मी वर्षानुवर्षं गिळत आले.

तेव्हा एकटी तानी बोलली. पाड्यावरून मुलीला, जागृतीला, शाळेत सोडायची आणि पुढे पूर्णा गावातल्या गोदामात कामाला जायची. वर्गाच्या दाराशी थांबून म्हणाली, "बाई, तुमी मोठी बाई न्हाय झाल्या?" मी म्हटलं, "साहेब नको म्हणाले." ती म्हणाली, "आन तुमाला कुनी इचारला व्हता का?" मी फळा पुसत राहिले.

आता आजचं. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर जाहीर केलं, की प्रभाग महिलांसाठी राखीव झालाय, बाई आता मोकळ्या झाल्या, तेव्हा उमेदवार त्याच. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सवयीने मीही वाजवल्या. मग ध्यानात आलं, की हे माझ्याबद्दल चाललंय. साहेब, आता नाही का विरोधक बोंब मारणार? की खुर्ची नावाला माझी आणि बसणार तुम्ही?

किशन, साहेबांचा कार्यकर्ता झालास तरी खाली बस. माईकच्या वायरला हात लावू नकोस. आठवीत तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं, अजूनही करू शकते.

तर मी निवडणूक लढवणार नाही. हे घरी सांगायचं होतं, असं साहेब म्हणतील. अहो, पण तुम्हीही घरीच विचारायचं होतंत ना?

संस्थेने मला वर्ग दिला, मुलं दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, तर माझी चूक तुम्ही सगळ्यांनी पोटात घालावी.

आणि तानी, खुर्ची मिळाली नाही म्हणून तू मागे दाराशी उभी आहेस, मला दिसतंय. तुझं उत्तर राहिलं होतं. नाही गं, मला कुणीच विचारलं नव्हतं. आजसुद्धा नाही.

नमस्कार.