महिनाभराची ठेव

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी रक्कम घरात कशाला ठेवलीस?" अहो, घर होतं कुठे? ते विकूनच तर रक्कम आली! तुम्हाला सांगतो, कान थो शहरातलं आमचं नदीकाठचं जुनं घर विकलं, भाड्याच्या खोलीत सामान नेलं, बाजारामागचं दुओंग काकांचं घर ठरवलं, इसारही दिला. म्हटलं, काका, कागद करून टाकू. तर म्हणाले, कागद होईपर्यंत सातवा महिना लागेल, आणि भुताखेतांच्या महिन्यात घराचा व्यवहार मी मेलो तरी करणार नाही. मेलात तर त्याच महिन्यात परत याल की! मनातच म्हटलं हो... आठवा लागला की आठवड्याच्या आत पूर्ण पैसे, नाहीतर इसार बुडाला. म्हणजे काय, महिनाभराचा तर प्रश्न होता!

बँकेत गेलो. तिथली मुलगी इतकी गोड, इतकी गोड, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. "काका, ठेव करूच, पण सोबत हा विमा घ्या ना, पंधराच वर्षं हप्ते भरायचे." अगं बाई, मला महिनाभर पैसे ठेवायचेत! "हो काका, पण पुढचा विचार?" पुढचा विचार म्हणजे मी मेल्यावर बायकोला काय मिळेल तो. आमची थोआ शेजारीच बसलेली, ती एकदम सावरून बसली आणि म्हणाली, "किती मिळतील म्हणालीस?" तिला उठवून बाहेर काढता काढता घाम फुटला.

बाहेर पडतो तर दारात मेव्हणा! कुओंगला पैशाचा वास कसा येतो कोण जाणे. "दाजी, कोळंबीच्या तळ्यात टाका. दुप्पट!" किती दिवसांत? तर तीन महिन्यांत. अरे, मला महिनाभरात परत हवेत! "मग कोळंबी लहान निघेल, दाजी." म्हणजे मी दुओंग काकांना लहान लहान कोळंब्या मोजून द्यायच्या? त्यावर तो रुसला, त्याच्यावरून थोआ रुसली, आणि महिनाभराचा तर प्रश्न होता!

शेवटी आई म्हणाली, "सोनं घे आणि माझ्याकडे दे." घेतलं. दुकानाची पायरी उतरेपर्यंत विकायचा भाव कमी झालेला, पण म्हटलं जाऊ दे, आईच्या हातात आहे ना, बस्स. महिनाभर असा झोपलो म्हणून सांगू! बाहेर भुतं हिंडतायत, लोक अंगणात त्यांना भात नि मीठ टाकतायत, आणि मी घोरतोय.

आठवा महिना लागला. म्हटलं, आई, सोनं काढ. आईने नुसतं वर बोट केलं. देवाघरी नव्हे हो, देव्हाऱ्याकडे! भाड्याच्या खोलीत पूर्वजांची मांडणी केली तेव्हा उदबत्त्या खोचायच्या भांड्यात आईने तळाला सोनं घातलं, वर राख भरली, आणि भटजींकडून मंत्र म्हणवून घेतले.

"मग काढ ना राख!"

"वेडा की काय तू? ते भांडं आता हलवायचं नसतं. वर्षअखेरच्या साफसफाईला नाहीतर नव्या घरात जाताना."

अगं, नव्या घरात जायला पैसे लागतात! "मग भर." पैसे भांड्यात आहेत! "मग नव्या घरात गेलं की काढू." तुम्हीच सांगा, कुठे डोकं आपटू? महिनाभराचा तर प्रश्न होता हो!

खूप विनवण्या केल्या तेव्हा आई म्हणाली, ठीक आहे, त्यांनाच विचारू. थाळीत दोन नाणी टाकायची, एक उलटं एक सुलटं पडलं की पूर्वजांचा होकार. मी फळं ठेवली, चहा ठेवला, बाबांच्या आवडीची सिगरेटसुद्धा पेटवून ठेवली. टाकली नाणी. दोन्ही सारखी. थोआ म्हणाली, पुन्हा टाका. पुन्हा सारखी. मी गुडघे टेकून, डोळे मिटून टाकली... सारखी.

आई अगदी शांतपणे म्हणाली, "तुझे बाबा नाही म्हणतायत."

म्हणणारच! ज्या माणसाने हयातीत माझ्या सायकलच्या पंक्चरचे पैसेसुद्धा कधी माझ्या हातात दिले नाहीत, थेट दुकानदाराला नेऊन दिले, तो आता मेल्यावर एवढं सोनं माझ्या हातात ठेवेल होय? निघालोय आता दुओंग काकांकडे, मुदत मागायला. सांगतो त्यांना, काका, पैसे आहेत, अगदी सुरक्षित आहेत... फक्त बाबा सोडत नाहीयेत.