बेचाळिसावा वाटा

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळक जोनार साहेब, बालिगेच्या वाचनालयाच्या प्रमुख सान्तियाबाई, मानाच्या पहिल्या रांगेत बसलेली मामाकडची मंडळी, आमच्या घराण्यातले भाऊबंद, कालपासून चुलीपुढे राबणाऱ्या लेकी आणि आपले जावई, आणि जिच्या खांद्यावर आत्ताच आपण उलोसची शाल पांघरली ती आपली तियोमिनार. सर्वांना माझा होरास.

मी मंगासा. गावाला सांगायला नको, पण पाहुणे आले आहेत. गेली चाळीस वर्षं आमच्या घराण्याच्या जेवणावळीत मांसाचे वाटे मी पुकारतो. कुणाला जबडा, कुणाला बरगडी, कुणाला मानेचा तुकडा. ज्याचं नाव घेतलं त्याचा मान राहिला, ज्याचं राहिलं त्याचं घराणं तीन पिढ्या आपल्या अंगणात पाय ठेवत नाही. मांस कुणाला हवंय हो? मांस घरीही शिजतं. चारचौघांत नाव घेतलं गेलं पाहिजे, एवढंच.

तर, आपल्या तियोमिनारच्या कादंबरीचं जर्मन भाषेत भाषांतर झालं. प्रकाशकांनी तीन शहरांत बोलावलं आणि दोन तिकिटं पाठवली. हिच्या नवऱ्याला, आपल्या जावईबापूंना, तळ्यातल्या होडीतसुद्धा चक्कर येते, म्हणून दुसरं तिकीट माझ्या वाट्याला आलं. तिथल्या जेवणाबद्दल मी काही बोलणार नाही, पाहुण्यांचा अपमान होतो. खिशात अंदालिमान मिरीची पुडी होती म्हणून हा म्हातारा परत आला, एवढंच सांगतो.

पहिल्याच सकाळी प्रकाशकांच्या कचेरीत हिच्या हातात नवं पुस्तक ठेवलं. हिनं मुखपृष्ठ पाहिलं नाही, स्वतःचा फोटो पाहिला नाही. थेट शेवटची पानं उघडली आणि ओळींवरून बोट फिरवू लागली. भाषा येत नसली तरी माणसाचं नाव कुठल्याही पुस्तकात ओळखू येतं. हिला एकही नाव सापडेना.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही (मामाकडच्या मंडळींनो, मी कुणाकडे बघत नाही) त्यांना सांगायला हवं. शेवटचं प्रकरण म्हणजे आजोबांच्या मयताची जेवणावळ. बेचाळीस वाटे, बेचाळीस नावं, सगळी आपल्या गावची, खरीखुरी. संपादकबाई गोड हसून म्हणाल्या, "इतकी परकी नावं कोण वाचणार? वाचक कंटाळतो. आम्ही एका वाक्यात आणलंय सगळं. 'मग वाटे झाले आणि सर्वांना आपापला वाटा मिळाला.'"

तियोमिनारनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "हे खोटं आहे."

मी आपल्या भाषेत तिला म्हणालो, "पोरी, जाऊ दे. परक्यांच्या दारात बसून भांडू नये. पुस्तक निघालं ना?"

"काका," ती म्हणाली, "जाऊ दे म्हणणारे तुम्हीच असणार."

ती असं का म्हणाली? मंडळी, इथं सत्काराचं भाषण थोडं बाजूला ठेवतो. अध्यक्ष महाराजांची परवानगी गृहीत धरतो.

ती जेवणावळ खरोखर झाली होती, एकतीस वर्षांपूर्वी. हिचे आजोबा म्हणजे माझे थोरले काका. त्या दिवशी मी एक्केचाळीस वाटे पुकारले. काकांची लेक होत्माइदा, माझी चुलत बहीण, हिची आत्या, तिचं नाव मी घेतलं नाही. लेकीचा वाटा आपण जावयाच्या नावानं पुकारतो. जावई वारला होता, मूलबाळ नव्हतं, पुकारायचं कुणाच्या नावानं? माझं अडलं आणि मी पुढच्या नावाकडे गेलो. बापाच्या मयताला दोन दिवस कांदे सोलणारी बाई, सगळ्यांची ताटं धुऊन रिकाम्या हातानं घरी गेली. तियोमिनार तेव्हा बावीस वर्षांची होती, आत्याशेजारी ताटं विसळत होती. कादंबरीत तिनं आत्याच्या नावानं बेचाळिसावा वाटा लिहिला तो म्हणून. मी तो वाचला आणि एकतीस वर्षं जसा गप्प होतो तसाच गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. पहिलं प्रकरण वाचायचं ठरलं होतं. ही उभी राहिली, पुस्तक खाली ठेवलं आणि पाठ असलेले वाटे पुकारू लागली. भाषांतरकार आनेग्रेटबाई शेजारी होत्या. त्यांनी ते प्रकरण मनापासून केलं होतं, गाळलं दुसऱ्यांनी. त्या एकेक वाटा त्यांच्या भाषेत सांगत होत्या. चारशे माणसं बसलेली, एक खुर्ची वाजली नाही. एक्केचाळीस झाले आणि ही थांबली.

"पुढचं नाव," माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या काकांनी घ्यायचं आहे."

ज्या आवाजाला माईक लागत नाही, तो आवाज मला सापडेना. शरम वाटली, आणि खरं सांगतो, तिचा रागही आला. मग उठलो आणि होत्माइदाचं नाव घेतलं.

संपादकबाई कार्यक्रमानंतर म्हणाल्या, पुढच्या आवृत्तीत बघू. ही म्हणाली, "'बघू' नको, लिहून द्या." उरलेल्या दोन शहरांत हिनं पाऊल टाकलं नाही. दोन दिवस त्यांच्या कचेरीत खुर्ची धरून बसली. मी म्हटलं, विमान चुकेल. म्हणाली, "तुम्ही जा." गेलो नाही. तिसऱ्या दिवशी कागद हातात आला आणि गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती. ती या टेबलावर आहे, बेचाळीस नावांसकट. सान्तियाबाई, सत्कार याचा करा. पुस्तकं पुष्कळ जण लिहितात.

ते पुस्तक घेऊन मी होत्माइदाकडे गेलो. तिनं आपलं नाव शोधलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "विमानातून आणलेला वाटा मला नको, मंगासा. चुकलास कुठं? तिथंच दे."

तिचं बरोबर आहे. परक्या मुलखात चारशे लोकांपुढे चूक कबूल करणं सोपं, तिथं मला ओळखतं कोण?

म्हणून आयोजकांचे, स्वयंपाक करणाऱ्या लेकीजावयांचे आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार मानतो. बोलण्यात कुणाचा मान पुढेमागे झाला असेल तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. ती एक चूक मात्र सांभाळून घेऊ नका. तिची माफी सभेकडे मागायची नसते.

भाऊबंद ऐका, मामाकडचे ऐका. आजच्या जेवणाचा पहिला वाटा, मानेचा, होत्माइदाचा. नवऱ्याच्या नावानं नव्हे, तिच्याच नावानं पुकारतोय. ताई, तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसू नकोस. मी ताट घेऊन उभा आहे, आणि तू उठेपर्यंत दुसरं नाव घेणार नाही.