परतीचा डबा

आदरणीय अध्यक्षा वसुधाताई, मंचावरील प्रमुख पाहुणे हेमचंद्रजी आणि सभागृहात जमलेल्या माझ्या जबलपूरकर बंधुभगिनींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. वसुधाताई माझ्याविषयी इतकं चांगलं बोलल्या, की शांताराम नावाचा दुसरा कुणी असावा असं वाटलं. आभारी आहे.

आमच्या पिढीचं एक रडगाणं होतं. राजधानी आपली व्हायची, ती भोपाळला गेली! आम्ही ते जन्मभर उगाळलं. आता माझा मुलगा सिद्धेश तिथेच, राजधानी परिसराच्या विकास आराखड्यावर काम करतो. रस्ते, मेट्रो, दवाखाने, नोकरदार मुलींसाठी वसतिगृहं. चांगलं काम आहे, खोटं कशाला बोलू? आपल्या शेजारच्या पनागरसारख्या छोट्या गावातल्या मुलीला तिथे नोकरी आणि राहायला जागा मिळत असेल, तर आमच्या रडगाण्याला कोण विचारतो? मलाही तो म्हणाला, "बाबा, इथे एकटे काहून बसून राहिले? चला ना, तिकडे सगळं होऊन राहिलं." मी हो म्हटलं. घर विकलं. सामान काल गेलं. वाईट वाटतं का, असं सगळे विचारतात. पद्मजा गेल्यापासून मला काही वाटतच नाही.

निरोपाचा डबा ही आपल्या मंडळातली प्रथा माझ्या बायकोची, पद्मजाचीच. गाव सोडणाऱ्या प्रत्येक घराला ती वाटेसाठी लाडवांचा डबा द्यायची, त्यावर आपलं नाव कोरून. कुणाचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. तेव्हा डबा भरून द्यायला तरी माणसं येतील, असा तिचा हिशेब. "भोपाळ काही परदेश नाही जी," म्हणायची. हसा, हसा, मीही हसायचो. एकही डबा परत आला नाही. तिने मात्र नवे आणणं थांबवलं नाही.

आत्ता वसुधाताईंनी माझ्या हातात दिला, तो तिच्या कपाटातला शेवटचा. लाडू वाटेत खाईन. डबा मात्र परत येईल.

सिद्धेश, तू समोरच बसलायस, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. तुझ्या आईच्या अस्थी आपण ग्वारीघाटावर नर्मदेत सोडल्या. माझी वेळ येईल, तेव्हा मला याच डब्यातून घेऊन ये. रिकामा आणायचा नसतो.

मंडळी, सत्काराच्या प्रसंगी हे बोलायला नको होतं. म्हातारा घसरला म्हणा आणि पदरात घ्या. तुम्ही आलात, ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. पानं मांडली आहेत असं कळतं, तेव्हा थांबतो.

सिद्धेश, हा डबा तेवढा धर.