रशीदच्या तळव्यातली सुई

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. हंबीरराव पैलवान हातकणंगले स्टेशनात मिरजेच्या गाडीची वाट बघत होता. कुस्तीत त्याचं मनगट दुखावलं होतं. डॉक्टर हात कापतील या धास्तीनं परत घरी जावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. शेजारी रशीद शिंप्याची बायको इमामबी शेजारणीला सांगत होती.

“आक्का, सुई मोडून ह्यांच्या तळव्यात रुतली. कुठं गेली ते कुनाला घावंना.”

“मग समदा हात चिरला?”

“न्हाय की. मिरजेला नवं यंत्र आलंय. त्याचा उजेड हातातनं आरपार गेला आनि काचंवर फोटू उठला. सुई हुती तेवढीच जागा चिरली.”

“फोटूत आनि काय दिसलं?”

“बोटांची हाडं. त्यावर माझ्या बानं दिलेली अंगठी.”

“जित्या मानसाची हाडं बघून भ्याली न्हाईस?”

“भ्यायचं काय? माझ्याच मानसाची हाईत की.”

हंबीररावाला राहवेना.

“वैनी, फोटू काढताना दुखतंय का वो?”

“न्हाय, पावणं. हात तेवढा हलवायचा न्हाय.”

गाडी आली, तसा हंबीरराव सगळ्यांच्या आधी डब्यात चढला.