दिवानाच्या फळीतून रायफलचा कुंदा

आमी कारध्याचे. नदीच्या अलीकडं आमचं घर, पलीकडं भंडारा. बाप सुतार, मोठा भाऊ सुतार, मीबी सुतार. दारं, खिडक्या, लग्नातले दिवान, हेच आमचं जिनं. काय सांगू तुमाले, दोघं भाऊ एकाच मांडवात रंधा मारत होतो, एका ताटात जेवत होतो, अन् आता दादा माह्या घरासमोरून जाते तं मान फिरवून जाते.

प्रज्ञा म्हंजे दादाची पोरगी. ती झाली तवा गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दादानं लाकडाच्या डेपोतून सागाच्या फळ्या आनल्या अन् माह्या सपरीत, म्हंजे पडवीत, ठेवल्या, म्हने हिच्या लग्नाचा दिवान तूच करशील, काकाच्या हातचा. पंधरा वर्सं फळ्या सुकल्या.

अन् पोरगी निंगाली बंदूकवाली! शाळेतून भंडाऱ्याले छर्‍याची रायफल मारायले शिकली. सरानं तिच्यासाठी भारी नळी आनली, भारी नळी हालत नाई, नेम थिर राहते. पन जुन्या कुंद्यात, म्हंजे रायफलच्या लाकडात, ते नळी बसे ना, अन् खाच वाढवावी तं लाकडाचा पापुद्रा उरते. प्रज्ञा माह्याकडं आली, म्हने काकाजी, नवा कुंदा करून द्या ना, निवडीची स्पर्धा आहे. मी म्हनलं, बाई, एवढं सुकलेलं लाकूड कुठून आनू? तिनं सपरीतल्या फळ्याइकडं पायलं.

मी दादाले इचारलं नाई. इचारलं असतं तं नाई म्हनला असता, म्हनूनच इचारलं नाई. सर्वात जाड फळी काढली अन् करवत लावली. तो आवाज आजबी छातीत आहे, खोटं काहून बोलू. मंग नळीले काजळ फासावं, खाचेत दाबावं, जिथं काळं उमटलं तिथं पटाशीनं खरडावं, पुन्हा फासावं, पुन्हा दाबावं. समोरून वजन वाढलं, पोरीचा डावा हात लवे, तं मी मागून भोक पाडून ढिवराच्या जुन्या जाळ्याचं शिसं भरलं. समोर मातर नळीभोवती कागदाएवढी फट ठेवली. सर म्हनले होते, लाकूड नळीले टेकलं का छर्रा भटकते.

दादा आला. त्यानं कुंदा उचलला, साग वळखला, तोंड उतरलं. पन सुतार तो सुतार, फटीत नख घातलं अन् म्हने, माह्या पोरीचा दिवान फाडला तं फाडला, सांधाबी ढिला ठेवला बे! मी म्हनलं, दादा, तो तसाच लागते. तो म्हने, लोकं काय म्हनतीन, बंदूक घेऊन जाईल का नवऱ्याच्या घरी? मी म्हनलं, जाईल, नाईतं जानार नाई, दोन्ही चालते. वहिनी दारातून हासली, तं तिच्यावर डाफरला.

यंदा निवड झाली नाई, सांगून टाकतो. थोडक्यात गेली. गाव हासलं. प्रज्ञा रडली नाई. दुसऱ्या दिवशी सायकलले रायफल बांधून पुलावरून भंडाऱ्याले गेली. दादानं उरलेल्या फळ्या आपल्या घरी नेल्या, बोलनं बंद. चोरी मी केली, ते माह्या मानेवर आहे, मरेपर्यंत राहील. पन माफी माग म्हनसान तं नाई मागत. पोरगी वाढून राहिली, हात लांब होऊन राहिले, वर्साभऱ्यात हा कुंदा तिले आखूड पडनच. तवा मी दुसऱ्या फळीसाठी दादाच्या दारात जाईन. या खेपेस इचारीन. नाई म्हनला तं त्याच्या वट्यावर बसून राहीन, देईपर्यंत.