लॅपटॉपला वायफाय दिसंना

न्हाई, मला एक सांगा, नेट चालू करायला जे लागतं तेच जर नेटवर ठेवलेलं असंल तर माणसानं करायचं काय? अहो, हसू नका! विहिरीत उतरायची शिडी विहिरीच्या तळाला ठेवल्यावाणी झालं की हे! तुम्हाला सांगतो, त्या शनिवारी सकाळी मी, सोमेश्वर, टेंभुर्णीच्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवून राह्यलेला माणूस, एका लॅपटॉपसमोर बसून नुसता घामाघूम झाल्तो!

त्याचं काय झालं, आमची एकुलती एक पोरगी अर्पिता, मोसंबीच्या बहारावर पीएचडी करती. तिची शेवटची तोंडी परीक्षा शनिवारी अकराला. परीक्षा तिकडं विद्यापीठात, पण घरच्यांला लिंक उघडून बघता येतं. आता मी आन् शालू, म्हंजे आमची मंडळी, आम्हा दोघांचं मोबाईलवर भागलं असतं हो! पण माझी माय, झुंबरबाई... वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. 'सोमेश्वर, मोबाईलमधी पोरगी मला मुंगीयेवढी दिसती रे. मोठ्यात दाव.' आन् ह्याच मायनं अर्पिताला तिसरीत असल्यापासून मोसंबीच्या बागेत हिंडवलं, पान कसं बघायचं, मुळी कशी उकरायची, समदं शिकवलं. तिला न्हाई म्हणायची माझी काय बिशाद?

मोठ्यात म्हंजे घरात एकच वस्तू, अर्पिताचा कॉलेजातला जुना लॅपटॉप. तो इतका मंदावल्ता की चालू करायचा, आंघोळ करून यायचं, तरी पडद्यावर ते गोल आपलं फिरूनच राह्यलंय! मंग आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सुमेधा मॅडम म्हणल्या, 'सर, यातलं विंडोज काढून लिनक्स टाकू. जगभरातली माणसं मिळून बनवतात, सगळ्यांसाठी खुलं आहे.' शुक्रवारी मधल्या सुट्टीत टाकलंबी. काय सांगू, म्हातारा बैल शर्यतीला निघाल्यावाणी पळाला तो! शाळेत नेटची वायर लावलेली, त्यामुळं वायफाय नावाची काही चीज असती हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.

शनिवारी नऊला घरी मोबाईलचा हॉटस्पॉट लावून उघडला... वायफायचं चिन्हच गायब! शाळेला सुट्टी, वायर कुलपात, मॅडम जालन्याला ट्रेनिंगला. फोन लावला. 'मॅडम, तुमच्या लिनक्सनं घात केला!' तर मॅडम अगदी शांत आवाजात, वर्गात पोरांला समजावल्यावाणी, 'दोष त्याचा नाही, सर. तुमच्या वायफाय कार्डाच्या कंपनीनं आपलं गुपित कुणाला सांगितलेलं नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, वेगळा उतरवून घ्यावा लागतो.' म्हटलं, उतरवतो, कुठनं? 'नेटवरून, सर.'

...

मी फोन कानाचा काढला, त्याच्याकडं पाह्यलं, परत कानाला लावला. 'मॅडम, नेट असतं तर मी तुम्हाला फोन काहून केला असता?'

मंग त्यांनी तोड काढली. मोबाईल चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपला जोडा, मोबाईलचं नेट त्यात जातं. जोडला. आलं! गेलं. आलं... गेलं! माझ्या मोबाईलचं चार्जिंगचं भोक ढिलं झालेलं, वायर एका कोनात तिरपी दाबून धरली तरच चालतं. शालू म्हणली, 'द्या इकडं, मी धरते.' धरला. दोन्ही हातांनी, मान वाकडी करून, श्वास रोखून!

इकडं मॅडम फोनवर... म्हंजे शालूच्या बटणाच्या साध्या फोनवर, त्याला नेट न्हाई, हो. 'सर, काळी खिडकी उघडा. लिहा, सुडो.' सुडो म्हंजे काय? 'म्हणजे मालक म्हणून हुकूम सोडायचा.' मालक कोण? 'तुम्हीच, सर.' आता बोला! एका बाजूला माय, एका बाजूला बायको, आन् त्या घरात मालक मी! बरं, हुकूम सोडला तर तो पासवर्ड मागतो. मी टाकतो, टाकतो, पडद्यावर ढिम्म काही उमटंना, एक ठिपका न्हाई! 'मॅडम, कीबोर्ड मेला!' 'दोष त्याचा नाही, सर, पासवर्ड टाकताना दिसत नसतो.' न दिसणारं टाकायचं, न दिसणाऱ्या कार्डासाठी! सातव्या खेपेला घेतला एकदाचा.

उतरायला लागलं. वीस टक्के... पस्तीस... तेवढ्यात स्वयंपाकघरातनं सूंऽऽ! दूध! मी उठलो तर शालू ओठ न हलवता, 'हलू नका! जाऊ द्या दूध!' अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं दुधाचा थेंब सांडू दिला न्हाई हो, मी जरा कप हलवला की 'अहो, बघून!' तीच बाई, अख्खं पातेलं उतू चाललंय, जळका वास सुटलाय, आन् हिचा हात हलला न्हाई! पोरीपायी! मला तिथंच भरून आल्तं, पण रडायला टाइम कोणाला, साडेदहा झाल्ते.

शंभर टक्के! बंद करून चालू केला. चिन्ह आलं! शालूनं हात झटकले, मी टाळी वाजवली... चिन्हावर लाल फुली. 'मॅडम, आता काय?' 'दोष त्याचा...' म्हटलं, बास! लिनक्सचा दोष न्हाई, कीबोर्डचा न्हाई, मंग दोष काय माझ्या जन्मपत्रिकेत हाये का? बाई मात्र चिडल्या न्हाईत. 'सर, लिनक्स म्हणतंय, कार्ड बरोबर आहे, पण कुणीतरी बटणानं बंद केलंय.' बटण? कुठलं बटण? पडद्यावर न्हाई, कीबोर्डवर न्हाई. पावणेअकरा... दहा कमी... परत मोबाईल जोडावा तर दोन तास तिरपा धरणार कोण? शालूच्या बोटांना मुंग्या आलेल्या. मी डोक्याला हात लावून बसलो.

आन् माय काय करून राह्यली? नात दिसणार म्हणून नवं लुगडं नेसून आल्ती, आन् लॅपटॉप धुळीनं भरलाय म्हणून पदरानं पुसून राह्यली! चहूबाजूंनी, देवघरातला टाक पुसावा तसा. पुसता पुसता म्हणती, 'सोमेश्वर, हितं कडंला काहीतरी खवल्यावाणी लागतंय रे बोटाला. हलतंय बी.' आन् सरकवलं! टिक! तांबडा दिवा होता तो निळा झाला. वायफाय चालू! अहो, ज्या बाईला ऑपरेशन करूनबी नीट दिसत न्हाई, तिला बोटानं सापडलं!

अकराला अर्पिता पडद्यावर. चांगली हातभर! समदं इंग्रजीत, मायला काही कळंना, पण पापणी लवली न्हाई. एक तास झाला. मंग बाहेरगावचे परीक्षक मराठीत म्हणले, 'ठीक आहे, पण पाणी तोडूनही या पट्ट्यात बहार आलाच नाही, त्याचं काय?' अर्पिता पाणी प्यायला क्षणभर थांबली, आन् माय इकडनं वरडली, 'अगं, जमीन भारी आसंल! काळ्या जमिनीत खाली वल राहती, झाडाला ताणच बसत न्हाई, मंग फूल कुठनं येणार!'

आमचा माईक चालू होता. तो बंद करायचा असतो हे कुणाला माहीत हो?

तिकडं परीक्षकांनी चष्मा काढला. 'ह्या कोण?' मी म्हटलं, गेली पोरीची चार वर्षं! अर्पितानं मान वर केली आन् म्हणली, 'माझी आजी, सर. जे बोलल्या ते पुढच्या पानावर आकडे देऊन मांडलंय. आणि प्रबंधात आभाराचं पहिलं नाव त्यांचंच आहे.' परीक्षक हसले, कॅमेऱ्याकडं बघून हात जोडले. मायनंबी जोडले, आन् मला म्हणती, 'माणूस चांगला हाये, पण ह्यानं बाग केलेली दिसत न्हाई.'

अर्पिता डॉक्टर झाली! शालूनं जळक्या पातेल्यातलं उरलेलं दूध घेऊन चहा टाकला, जळका लागला, आन् तिघांनी दोन-दोन कप पेला. मी सुमेधा मॅडमला फोन करून माफीबी मागितली.

पण एक चूक केली. सोमवारी स्टाफरूममध्ये हे समदं रंगवून सांगितलं. आमचे हेडमास्तर तातेराव सर ऐकत होते. ते उठले, माळ्यावरचे धूळ खाऊन राह्यलेले जुने लॅपटॉप काढले, माझ्या टेबलावर रचले. 'सोमेश्वर सर, तुम्हाला यातलं बराबर जमतं म्हणे.' मी मॅडमकडं पाह्यलं, तर त्या खिडकीतनं बाहेर बघून राह्यल्या!

आता रोज मधल्या सुट्टीत तेच घेऊन बसतो. लॅपटॉप सहा हायेत... आन् सहाच्या सहांत सहा जातीची कार्डं!