सून बघायला समुंदरात

सांगणार : कौसाबाई, परतूरच्या इंग्रजी शाळेत मावशी

माझं माहेर राजूरकडचं. गणपतीला येणारी-जाणारी माणसं आमच्या दारापुढून जायची, तेवढीच आम्ही दुनिया बघितलेली. मंग मला दिलं इकडं, परतूरजवळच्या खेड्यात. मला कोणी इचारलं न्हाई का बाई तुला तिकडं करमंल का, बापानं ठरवलं, मी आले, लई दिवस चुलीपुढं बसून रडले आन मंग लागले कामाला. आता इतकी वर्षं झाली का मी इथलीच झाले. शाळेत लहान वर्गावर मावशी हाये मी, लेकरांचे डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, कोणाचा बूट कोणाच्या पायात गेला ते बघायचं. लेकरं चांगलीयेत, वरडतात लई, पण चांगलीयेत.

आमचे मालक पंचायतीच्या नळावर होते. म्हणजे वॉल फिरवायचं काम, ह्या गल्लीला पाणी सोडलं, त्या गल्लीचं बंद केलं. आमच्याकडं नळ आठ-पंधरा दिवसांनी येतो, तुम्हाला म्हाईतच हाये, तर ज्याच्या हातात वॉल त्याचा गावात केवढा मान. पण काय सांगू तुम्हाला, माणूस असा कडक का सरपंच घरी येऊन बसला तरी टायमाच्या आधी पाणी सुटायचं न्हाई. आन नळाच्या दिवशी उजाडायच्या आत गल्लीगल्लीत वरडत जायचे, उठा, शिळं पाणी ओता, पिपं घासून पालथी घाला, कावीळ व्हती रे लेकरांना. लोक हसायचे, पण घासायचे. आमच्या घरात तर नळाचा दिवस म्हणजे सणच, हंडे, टाक्या, ड्रम, सगळं घासून दारात पालथं. आता रिटायर झालेत तरी सवय गेली न्हाई.

एकच पोरगा मला, गणेश. पोरीची हौस होती, झाली न्हाई. गणेशनं आयटीआय केलं, डिझेल मेकॅनिक, जालन्याला गॅरेजवर लागला, तिथून एका दोस्तानं अंदमानला नेला, समुंदरातल्या नावांचे इंजिन दुरुस्त करायला. म्हणला, आई, दोन वर्षं करतो आन येतो. मी म्हणलं ये. ते काही आलं न्हाई. वर्षातून एकदा यायचा, काळा पडलेला, अंगाला खाऱ्या पाण्याचा वास, आन घरात बसून राह्यला तरी ध्यान तिकडंच. मी दिवसा शाळेतल्या लेकरांत असते, घरी आले का भिंतीकडं बघायचं. मला माझं लेकरू परत पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू.

मंग एक दिवस फोन आला. आई, एक पोरगी हाये. शेफाली नाव. बंगाली हाये, बाप लहानपणीच गेला, आई हाये, आन ती शिडाची नाव चालवती. मी म्हणलं नाव चालवती म्हणजे, वल्हवती का. न्हाई म्हणला, कॅप्टन हाये ती, टुरिस्ट घेऊन बेटांवर जाती. मी मनात म्हणलं, चालंल, कॅप्टन असू दे न्हाईतर कलेक्टर, लगन झालं का बायको माणसाला घरी आणती. माझा सगळा हिशेब तोच होता, सून आली का दोघं परतूरला येतील, पोराला गॅरेज टाकून देऊ, ती बसंल घरी. ह्यांचं उलटं. हे ऐकूनच उठून बाहेर गेले. माळकरी माणूस, घरात कधी अंडं आलं न्हाई, आन ती मासे खाणारी. भाषा येगळी, जात कोणती ठाव न्हाई. मी बघितल्याशिवाय हो म्हणणार न्हाई, असं हे म्हणले. गणेश बापाला दादा म्हणतो. त्यानं सांगितलं, दादा हो म्हणल्याशिवाय मी लगन करणार न्हाई, तिचंबी तेच म्हणणं हाये, आन बघायचं तर तुम्ही या, ती तुम्हाला नावेवरच भेटंल.

लोक पोरगी बघायला जातात, पोहे खातात, चहा पितात, येतात. आम्ही नाताळच्या सुट्टीत समुंदरात गेलो. पोराला तिकिटाचा खर्चा लई झाला असंल, मला काही कळू दिलं न्हाई त्यानं. मी बाजरीचं पीठ घेतलं, तिळाची चटणी घेतली, आन ह्यांना न सांगता पिशवीच्या तळाशी एक खण, गहू, हळकुंड, सुपारी, खारीक ठिवली. नारळ घेतला न्हाई, नारळाच्या गावाला नारळ कशाला न्यायचा.

परतूरहून रेल्वे, मंग चेन्नई, मंग इमान. इमानात हे डोळे मिटून जप करत बसल्ते. धक्क्यावर गणेश उभा, आन त्याच्यामागं नावेवर एक बारकी पोरगी, गुडघ्यापर्यंत पँट, डोक्याला फडकं, हातात जाड दोर. तिनं दोर बांधला, खाली उडी मारली, आन थेट ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी आशीर्वाद दिला का न्हाई मला ऐकू आलं न्हाई. मला म्हणली, आई, आइए. हात धरून चढवलं मला. हात असा खरबरीत, माझ्यापेक्षा खरबरीत. मला लई बरं वाटलं, खरं सांगते, कामाचा हात व्हता तो.

आता नावेचं काय सांगू. आपल्या ओसरीएवढी जागा, त्यातच झोपायचं, त्यातच सैपाक. वर पांढरं शिड, आमच्या गावच्या मंडपाच्या कापडाएवढं, ते वाऱ्यानं भरलं का नाव एका अंगाला कलायची आन आवाज कसला तर काहीच न्हाई, नुसतं पाणी चिरत जायचं. पहिल्या दिवशी मी उलट्या करकरून निपचित पडले. शेफालीनं माझी बादली स्वतः धुतली. मी नको नको म्हणत राह्यले, तिनं ऐकलं न्हाई. दुसऱ्या दिवशी उठले तर भूक लागलेली, म्हणलं भाकरी करते. तिथला गॅस कसा, टांगलेला, नाव कलली का तो झोका घेतो आन सरळ राहतो, म्हणजे सांडत न्हाई. शेगडी सरळ पण मी वाकडी, भाकरी थापायला गेले का परात माझ्या पोटावर यायची. शेफालीनं मागून माझी कंबर धरली आन मी भाकरी थापली. हसून हसून दोघींच्या डोळ्यात पाणी. आमचे मालक बाहेर बसून भाकरी-चटणी खाऊन राह्यले, पण बोलायचं नाव न्हाई. तिनं आम्ही होतो तवर नावेवर मासळी शिजू दिली न्हाई, ते ह्यांना दिसलं.

बेटं तर अशी हिरवी का डोळे दुखावेत. पाणी निळं, खालची वाळू दिसती, मासे दिसतात. आन एवढं पाणी चहूकडं, त्यात प्यायचं थेंबभर न्हाई. प्यायचं सगळं निळ्या कॅनमध्ये, कठड्याला बांधून ठिवलेलं. टाकीत होतं थोडं, पण ते भांडी-अंघोळीचं, त्याला डिझेलचा वास. एका संध्याकाळी गणेश म्हणला, उद्या सकाळी पुढच्या बेटावर थांबायचं, तिथं चौकीपाशी नळ हाये, पाणी भरून घेऊ.

झालं. ह्यांच्या कानावर नळ पडला.

सकाळी आम्ही उठायच्या आत हे उठले. एकएक कॅन सोडला, सगळं पाणी समुंदरात ओतलं, खाऱ्या पाण्यानं आन नारळाच्या काथ्यानं आतून-बाहेरून घासले आन वळीनं पालथे घालून ठिवले. मी बघितलं तर बिलकुल घरच्यासारखं वाटलं, मलाबी काही सुचलं न्हाई, मी उलट म्हणलं बरं केलं. बेटावर गेलो तर नळाला फुसफुस वारा. चौकीतला माणूस म्हणला, ऊपर पाइप टूटा है, दो दिन लगेगा. त्याच्याकडंच एक घागर पाणी, ते मागावं कसं. नारळाचं झाड असंल की म्हणाल तुम्ही, न्हाई, सगळं जंगलच जंगल, नारळ एकबी नव्हता. गणेश माघारी नावेवर आला, म्हणला आपल्याकडं हाये तेवढं पुरवू, आन त्यानं पालथे कॅन बघितले. एकएक उचलून हलवून बघितला. दादा, हे काय केलं.

ह्यांचं तोंड असं उतरलं. जल्म सारा गावाला पाणी पाजलं त्या माणसानं, आन ज्या पोरीला नापास करायला आल्ता, तिच्याच नावेवरचं पाणी ओतून दिलं. पुढच्या पाण्याच्या बेटाला जायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होणार होती, वारा समोरून, इंजिन लावलं तरी नाव रडतखडत. गणेश बोलायला लागला तशी शेफालीनं त्याला हातानंच गप केलं. खाली गेली, झोपायच्या फळीखालून एक कॅन काढला, बांधून ठिवलेला. म्हणली, ये कप्तान का पानी है, ये मैं किसी को नहीं बताती. चौघांना पुरंल म्हणली, पर मैं जब दूँ, जितना दूँ.

ऊन असं, वरून अन् खालून. तिनं पहिला पेला ह्यांच्यापुढं धरला. हे म्हणले, मेरे को नको. पोरांना दे, माझ्यामुळं झालंय, मी पिणार न्हाई. मी म्हणलं अहो, बीपीची गोळी हाये तुम्हाला. ऐकंनात. गणेशनं सांगितलं, ऐकंनात. तोंड फिरवून बसले, हट्टाला पेटले म्हणजे पेटले. ती पोरगी खाली बसली न्हाई, विनवण्या केल्या न्हाईत, उभीच राह्यली, एक हात सुकाणूवर. म्हणली, बाबा, घर में आप बड़े हैं. नाव पे कप्तान मैं हूँ. पी लीजिए.

काय सांगू तुम्हाला. आमच्या माणसाला असं कोणी बोललं नव्हतं, माझी तर छातीच नव्हती. त्यांनी वर बघितलं तिच्याकडं, मला वाटलं आता पेला फेकतात. घेतला आन घटाघटा प्यायले. रिकामा पेला तिला दिला आन हौ म्हणले. मंग जरा वेळानं सरकून तिच्याजवळ बसले आन इचारायला लागले, वारा समोरून असला तर नाव तिरकी का घेते, हा दोर कशाचा, तो कशाचा. तिनं दोर ह्यांच्या हातात दिला. दोघं दिवसभर बसल्ते. तिला मराठी येईना, ह्यांचं हिंदी परतूरच्या बाजारातलं, पण बराबर चाललं त्याहीचं. पाण्याच्या बेटाला पोचलो तेव्हा कॅन भरून झाल्यावर हे मला हळूच म्हणले, ही आपल्या गावात आली तर सरपंचाचं काही खरं न्हाई. मला कळलं, झालं, माणूस पलटला.

मी आनंदात. म्हणलं आता काय राह्यलं, दोघांना घेऊन घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव एका बेटाच्या कडंला थांबवल्ती, हे अन् गणेश वाळूत उतरल्ते. मी शेफालीचे केस सोडले, खाऱ्या पाण्यानं नुसती जट झाल्ती, म्हणलं बस, तेल घालते. फणी फिरवायला लागले तर ती तिच्या हिंदीत म्हणली, आई, बाबा हो म्हणले ते गणेशनं सांगितलं मला. पण तुम्ही हो म्हणायच्या आधी मला एक बोलू द्या. मी तिकडं राहायला येणार न्हाई. समुंदर सोडून मी जगू शकत न्हाई, आन गणेशबी मनापासून येणार न्हाई, तो तुम्हाला सांगत न्हाई, तुम्ही रडाल म्हणून. नंतर तुम्हाला वाटंल फसवलं, म्हणून आधी सांगते. तुम्ही न्हाई म्हणलात तर मी त्याला सोडून देईन, तो घरी येईल. तुम्हीच सांगा.

माझी फणी थांबली. एका बाजूला माझं लेकरू परत यायला तयार, फक्त एक शब्द बोलायचा. कोणाला कळलंबी नसतं. मी वाळूकडं बघितलं, गणेश बापाला पाण्यात कमरेएवढं घेऊन उभा होता, बापाचा हात धरून, आन हसून राह्यला होता. घरी आला का तो असा कधी हसत न्हाई. मला वाईट वाटलं, लई वाईट वाटलं, रडले मी, तिच्या पाठीमागं बसून रडले, तिला कळलं, ती हलली न्हाई. आन मनात आलं, कौसे, तुला कोणी इचारलं नव्हतं, ही पोरगी तुला इचारून राह्यली. माझ्या सासूनं मला इचारलं न्हाई, बापानं न्हाई, आन ही परक्या मुलखातली माझ्या हातात सगळं ठिवून पाठमोरी बसली. मी म्हणलं, कप्तानबाई, परतूरला येऊन तू काय करशील ग, दुधनेच्या पात्रात नाव लोटशील, तिथं उन्हाळ्यात ढोरं बी भिजत न्हाईत. राहा इथंच. तिला निम्मं कळलं, निम्मं न्हाई, पण वळली आन माझ्या कुशीत शिरली, तेलाच्या डोक्यासकट.

मंग पिशवीच्या तळाचा खण काढला, नारळ त्या बेटावरून गणेशनं आणला, आन नावेवरच तिची ओटी भरली. गव्हाचे चार दाणे पाण्यात पडले, मासे आले.

लगन वैशाखात झालं, एक इथं, एक तिकडं. इथं तिनं नऊवारी नेसली आन ट्रॅक्टरवर चढून बसली, गाव बघायला आलं. सात-आठ दिवस राह्यली, शेवटी शेवटी सारखी दारात उभी राहून आभाळाकडं बघायची, मीच म्हणलं जा बाई आता. बाया अजून इचारतात, कौसाबाई, सून नांदायला कधी येणार. मी सांगते, ती येत न्हाई, आम्हीच जातो. आता परत नाताळ आलाय, शाळा सुटली का निघायचं, हे आत्तापासून फोनवर तिला वाऱ्याचं इचारतात, जसं काही ह्यांनाच नाव चालवायची हाये.

घर रिकामं वाटतं का, तर वाटतं की. संध्याकाळी लई वाटतं. पण जिथं हायेत तिथं सुखात हायेत, देव त्याहीला सांभाळो, वारा त्याहीच्या बाजूनं राहू दे. मी न्हाई म्हणून ते पोरगं घरी आणलं असतं, तर ते माझं नसतंच राह्यलं. तिनं इचारलं, मी दिलं. आता लेकराला भेटायला समुंदर वलांडावा लागतो, तर वलांडते.